कोलशेतमध्ये वानवळ्याला जागा उरली नाही. भिवंडी-शहापूरच्या गावांच्या हातात अजून ग्रामसभा आहे

श्रावण लागला की दारच्या मांडवावर शिराळी, घोसाळी, पडवळं लटकायला लागतात. एका घराला ती खाऊन संपत नाहीत. मग दोन शिराळी शेजारी जातात, चार काकड्या लेकीच्या सासरी, अळूची जुडी समोरच्या आळीत. याला वानवळा म्हणायचं. यात पैसे नसतात, वहीत हिशेबही नसतो. पण लक्षात मात्र ठेवलेलं असतं, आणि आठ दिवसांनी तिकडून माठाची जुडी येतेच. ठाणे जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत हे अजून चालतं. कोलशेतमध्ये चालवायचं म्हटलं तर आधी प्रश्न येतो, मांडव घालायचा कुठे?

कोलशेत म्हणजे ठाणे शहराच्या उत्तरेला खाडीकाठी वसलेलं आगरी-कोळ्यांचं जुनं गाव. खाडीच्या पलीकडे भिवंडी तालुक्यातलं काल्हेर. या पट्ट्यातल्या गावांचं पोट तिघांवर चालायचं: खाडीतली मासळी, बांध घालून राखलेली खारजमिनीतली भातशेती आणि घरामागची वाडी. खाऱ्या मातीत तग धरणाऱ्या राता भाताच्या जाती याच किनारपट्टीच्या. काळा राता, भुरा राता ही नावं जुन्या माणसांना आठवत असतील. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे अशा जमिनीसाठी सुधारित जाती काढल्या. भात निघाल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर वाल टाकायचा, बांधावर तूर आणि भोपळा, घराजवळ शेवगा, अळू, तोंडली. बाजाराला जायची वेळ मीठ-तेलापुरती.

मग कोलशेत रोडला रासायनिक कारखाने आले. सॅन्डोज, म्हणजे पुढची क्लॅरियंट, आणि बायर ही त्यातली मोठी नावं. गावातल्या तरुणांना नोकऱ्या लागल्या, हेही खरं. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली आणि आसपासची गावं शहरात आली. नंतर कारखाने बंद झाले, जमिनी विकल्या गेल्या आणि त्यांच्या जागी तीस-चाळीस मजल्यांची संकुलं उभी राहिली. आता केंद्राने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेला २९ किलोमीटरचा, २२ स्थानकांचा ठाणे अंतर्गत वर्तुळाकार मेट्रो मार्ग याच परिसरातून जाणार आहे. राष्ट्रीय जलमार्ग ५३ साठी कोलशेतला जेट्टीही ठरलेली आहे. जमिनीचा भाव कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको.

याच कोलशेतमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे २० एकरांचं सेंट्रल पार्क सुरू झालं. तिकीट काढून आत जायचं. आत मुघल पद्धतीची बाग आहे, मोरोक्कन आहे, चिनी आहे, जपानी आहे. उद्यान सुंदर आहे, ठाण्यातून, भिवंडीतून लोक मुलांना घेऊन येतात, आणि एवढी झाडं शहरात लागली याचा आनंदच मानला पाहिजे. पण चार देशांच्या बागा असलेल्या या जागेत आगरी घराच्या परसातला एक शिराळीचा मांडव नाही. कोणी मुद्दाम वगळला असंही नाही. शहरात बाग म्हणजे बघायची गोष्ट असं आपण धरून चाललो आहोत. खायची गोष्ट भाजी मंडईतून येते, आणि मंडईत ती नाशिक-जुन्नरकडून.

एक टक्का जागेत काय पिकतं?

इथे थोडा हिशेब करून बघण्यासारखा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. त्यात २००० कॅलरीच्या रोजच्या जेवणात ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत, त्यातली १०० ग्रॅम पालेभाजी. म्हणजे चार माणसांच्या घराला रोज ४०० ग्रॅम, महिन्याला १२ किलो पालेभाजी.

माठासारखी पालेभाजी नीट खतपाणी मिळालं तर चार-पाच आठवड्यांत चौरस मीटरला साधारण एक ते सव्वा किलो येते. म्हणजे १० ते १२ चौरस मीटरच्या वाफ्यांत एका घराची पालेभाजी निघते. ही जागा फार नाही.

आता २० एकर म्हणजे ८०० गुंठे. त्याचा एक टक्का ८ गुंठे. वाटा, कुंपण, खताचे खड्डे सोडून त्यातले दोन तृतीयांश वाफे धरले तर पाचशेच्या वर चौरस मीटर हाती येतात. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस घरांची पालेभाजी. उद्यानाचा ९९ टक्के भाग तसाच ठेवून.

हा कागदावरचा हिशेब आहे. पावसात पालेभाजी सडते, मावा पडतो, गोगलगायी येतात, उन्हाळ्यात पाणी लागतं. निम्मं उत्पन्न धरा. तरी वीस घरं होतात. आणि गरज कुठे आहे तेही बघा. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या जवळ आहे. पालेभाजीने सगळं भरून निघत नाही, लोहाच्या गोळ्या लागतातच. पण घरात महिना संपत आला की आधी कात्री लागते ती भाजीलाच, हे कोणत्याही घरच्या बाईला विचारावं.

संकुलांमध्येही जागा नाही असं नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करताना १० टक्के जागा रहिवाशांसाठी मोकळी ठेवावी लागते. दहा एकरांच्या संकुलात ती एक एकर होते. तिथे हिरवळ असते, नारळासारखे दिसणारे पण नारळ न देणारे पाम असतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हा खत तयार होतं. ते पामाला जातं. खत आहे, पाणी आहे, माळी पगारावर आहे. फक्त भाजी नाही.

मुंबईच्या गच्चीवर जमलं, ते कशामुळे?

शहरात भाजी होत नाही असं म्हणणाऱ्यांना मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराची गच्ची दाखवता येते. तिथल्या खानपान विभागातल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी सुमारे ३ हजार चौरस फूट गच्चीवर भाजी आणि फळझाडं लावायला घेतली. कारण साधं होतं. हजारो कामगारांच्या जेवणाचा भाजीपाल्याचा कचरा रोज निघायचा आणि त्याचं काय करायचं हा प्रश्न होता. कचऱ्याचं खत झालं, खतात झाडं वाढली. पुढे 'अर्बन लीव्हज' नावाने स्वयंसेवकांचा गट झाला.

यामागचं ज्ञान परदेशातून आलं नव्हतं. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी उसाची चिपाडं, पालापाचोळा आणि थोडी माती घालून पिशव्यांत, पिंपांत भाजी पिकवायचे. आणि त्याही मागे आपल्या महाराष्ट्रातले श्री. अ. दाभोळकर. तासगावच्या द्राक्षबागायतदारांना बरोबर घेऊन त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकऱ्याने स्वतः प्रयोग करायचा, जमलं ते आणि फसलं तेही दुसऱ्याला सांगायचं, हे त्याचं सूत्र. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागू शकते हा विचार त्यांनी मांडला. वानवळ्याचाच हा एक प्रकार म्हणा, फक्त इथे दोडक्याऐवजी अनुभव वाटला जायचा.

गावात आता स्लॅबची घरं झाली आहेत, म्हणून एक धोक्याची गोष्ट सांगायला हवी. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरतो. लोकांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब भारतीय मानकानुसार साधारण दीडशे किलो वजन धरून केलेला असतो. दोशींनी चिपाडं आणि पाला वापरला तो हौसेसाठी नाही, वजन कमी राहावं म्हणून. गच्चीवर ट्रॅक्टरभर माती टाकून बाग करू नये. वाफा करायचा असेल तर भिंतीलगत, बीमच्या वर, आणि आधी गवंड्याला नाही तर इंजिनिअरला विचारून.

कोलशेतसारख्या जागी दुसरी काळजी मातीची. जिथे पूर्वी कारखाना होता किंवा राबिट टाकून भराव केला आहे, अशा कुठल्याही जमिनीत तपासणी केल्याशिवाय खायची भाजी लावू नये. कृषी विभागाच्या नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांची तपासणी वेगळी मागावी लागते. शंका असेल तर उंच वाफे करून बाहेरची चांगली माती भरावी. खाडीकाठच्या कांदळवनात तर बागेचा विचारच नको. तिथे कुऱ्हाड लावणं हा गुन्हा आहे, आणि कांदळवन गेलं की बोईट आणि चिंबोऱ्याही जातात हे कोळ्यांना कोणी शिकवायला नको.

पाण्याचंही तसंच. मध्य रेल्वेने ठाणे-कल्याणला जाताना रुळांकडेला दिसतात ते पालक, माठ, भेंडीचे वाफे अनेकांनी पाहिले असतील. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेत रुळालगतची पडीक जमीन रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीसाठी दिली जायची. नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सरकारी मोहिमेचं. कल्पना वाईट नव्हती: पडीक जमीन राखली जाते, अतिक्रमण होत नाही, गरिबाला चार पैसे मिळतात. पण स्वच्छ पाण्याची सोय कोणी केली नाही. मग नाल्याचं पाणी भाजीला गेलं, आणि ती भाजी लोकलमधून उतरणाऱ्या लोकांच्याच ताटात आली. जमीन दिली आणि पाणी दिलं नाही की काय होतं याचं हे उदाहरण डोळ्यांसमोर आहे.

सगळ्यांचं एक की ज्याचा त्याचा वाफा?

सामायिक बाग म्हटली की गावात लगेच पहिली शंका निघते: पाणी घालणार एक आणि तोडून नेणार दुसरा. ही शंका खोटी नाही. जगात दोन्ही तऱ्हेचे प्रयोग झाले आहेत.

इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन नावाच्या छोट्या गावात २००८ पासून काही बायामाणसांनी रस्त्याकडेला, पोलीस ठाण्यापुढे, दवाखान्याच्या आवारात भाज्या आणि फळझाडं लावली. कोणीही तोडावी, विचारायचं नाही. ते टिकलं. पण त्याच इंग्लंडमध्ये त्याहून कितीतरी जुनी दुसरी पद्धत आहे. १९०८ च्या कायद्याप्रमाणे गावातल्या सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली तर स्थानिक संस्थेला भाजीसाठी तुकडे देण्याचा विचार करावाच लागतो. नेहमीचा तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, आपल्या अडीच गुंठ्यांएवढा. वर्षाचं थोडं भाडं भरायचं, मुख्यतः घरच्या जेवणापुरतं पिकवायचं. तुकडा ज्याचा त्याचा, पाण्याचा नळ आणि कुंपण सगळ्यांचं. महायुद्धात या तुकड्यांनी तिथल्या लोकांना मोठा हात दिला.

आपल्याकडे दुसरी पद्धत जास्त चालेल असं वाटायला कारण आहे. बचत गट बघा. कर्ज गटाच्या नावावर, पण हप्ता ज्या त्या बाईचा, आणि वहीत नाव लिहिलेलं. म्हणून गट टिकले. सगळी बाग सगळ्यांची म्हटलं की पहिल्या पावसात वीस माणसं येतात आणि दिवाळीपर्यंत दोन उरतात. मग ती दोघं चिडतात, आणि बागेत गवत. वाफा ज्याचा त्याचा ठेवून पाणी, कुंपण, खत आणि बियाणं सामायिक ठेवलं, तर भांडणाची जागा कमी होते. जास्तीचं निघालं की वानवळा होतोच, तो कोणाला शिकवावा लागत नाही.

बियाण्याचा नियम घ्यायचा तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडून घ्यावा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी समाजाच्या बाईंनी घरात गावठी वालांची, भातांची, भाज्यांची बियाणी राखली. बायफ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी राहिली आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडचा रिवाज असा की बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत आणून द्यायचं. पैशाचा व्यवहार नाही, पण फुकटही नाही. दरवर्षी बी वाढतं आणि दरवर्षी घर वाढतं. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर आजही कितीतरी घरांत राखेत घोळवून ठेवलेलं बी मडक्यात असतं. ते वहीत कुठे नोंदलेलं नाही, एवढंच.

वानवळ्याचं एवढं कौतुक झालं, तर त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुना वानवळा सगळ्यांच्या दारात जात नव्हता. तो भावकीत फिरायचा, आपल्या आळीत फिरायचा. गावकुसाबाहेरच्या माणसाला मिळायचं ते काम करून, बलुतं म्हणून, आणि तेही वरून टाकलेलं. कातकरी वाडीवर वानवळा किती घरांतून गेला? आज कोलशेत-बाळकुमच्या चाळींत, भिवंडीच्या गोदामांच्या मागे उत्तरेतून, मराठवाड्यातून आलेली कुटुंबं भाड्याने राहतात. त्यांच्याकडे गुंठा नाही, भावकी नाही. गावाने बाग केली आणि तिचे वाफे पुन्हा चार घरांतच वाटले, तर नाव सामायिक आणि काम जुनंच. वाफ्यांच्या यादीत भूमिहीन घरं, एकट्या बाया आणि भाडेकरू यांची नावं आधी यावीत, आणि ती चिठ्ठ्या टाकून ठरावीत.

ग्रामसभा आहे तोवर

कोलशेतचं सगळ्यात मोठं नुकसान जमिनीचं झालं असं वाटतं. खरं तर त्याआधी दुसरं काहीतरी गेलं. गाव महापालिकेत आलं की ग्रामपंचायत जाते आणि तिच्याबरोबर ग्रामसभाही. गावच्या सामायिक जागेचं काय करायचं हे गावाने एकत्र बसून ठरवण्याची ती एकच कायदेशीर जागा असते. शहरात नगरसेवक असतो, प्रभाग समिती असते, निविदा असते. पण चाळीस बाया उठून 'शाळेमागचे आठ गुंठे आम्हाला भाजीला द्या' असा ठराव मांडतील आणि हात वर करून मंजूर करतील, अशी जागा उरत नाही. गावठाण आणि कोळीवाड्यांच्या हद्दी आखून द्या ही मागणी ठाण्यात वर्षानुवर्षे का करावी लागते, याचं उत्तरही इथेच आहे.

ही वेळ आता पलीकडच्या तालुक्यांवर येते आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आमणे हे भिवंडी तालुक्यातलं गाव आणि शहापूर तालुका याच वाटेवर. कल्याणजवळच्या २७ गावांचं उदाहरण तर ताजं आहे. २०१५ मध्ये ती महापालिकेत घेतली, २०२० मध्ये त्यातली १८ वगळायचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. गाव शहरात की बाहेर हे गावाला विचारून ठरतंच असं नाही. मात्र जोवर ग्रामसभा आहे, तोवर तिचा ठराव हा कागद आहे, आणि कागद असला तर पुढे भांडता येतं.

कोणत्या जागा? गायरानावर लगेच नजर जाईल, तिथे जपून. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या ठेवायला सांगितलं आणि त्यानंतर राज्य सरकारनेही त्याच वर्षी गायरानाबाबत आदेश काढला. गायरानाचा वापर गावाला परस्पर बदलता येत नाही. पण जिल्हा परिषद शाळेचं आवार, अंगणवाडीमागची जागा, समाजमंदिराच्या कडेची पट्टी, सार्वजनिक विहिरीजवळचा तुकडा, पाण्याच्या टाकीखालची मोकळी जागा यांतून बहुतेक गावांत दोन-चार गुंठे निघतात. जागा कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बघून घ्यावं. वापराची मुदत किती देता येते, वरची मंजुरी लागते का, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून, म्हणजे जुन्या ग्रामसेवकाकडून, लेखी घ्यावं. तोंडी होकारावर लावलेली बाग सरपंच बदलला की उपटली जाते.

शाळेच्या परसबागांचा अनुभव यासाठी उपयोगी आहे. पोषण आहाराच्या खिचडीत घालायला शाळेतच भाजी पिकवावी असं धोरण आहे, स्पर्धाही होतात. बाग जूनमध्ये लागते, डिसेंबरात फोटोला छान दिसते आणि मेच्या सुट्टीत वाळते. कारण सुट्टीत पाणी कोण घालणार हे ठरलेलंच नसतं. तिथे उन्हाळ्यापुरते वाफे शेजारच्या बचत गटाला दिले तर बाग जगते आणि गटाला भाजी मिळते. उमेद अभियानाच्या 'माझी पोषण परसबाग' मोहिमेमुळे बऱ्याच गटांना वाफे, मंडल पद्धत, जीवामृत हे माहीत आहे. शिकवायला बाहेरून माणूस आणायची गरज नाही.

पाण्याचं दुखणं मात्र खरं आहे. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. हंडा डोक्यावर आणणाऱ्या बाईला 'भाजीला पाणी घाल' म्हणणं ही थट्टा झाली. म्हणून उन्हाळी बागेचा हट्ट करू नये. घरच्या मोरीतून भांडी-भाजी धुतल्याचं रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी जातं. पालापाचोळ्याचं आच्छादन असलेल्या दहाएक चौरस मीटरच्या वाफ्याला तेवढं साधारण पुरतं. साबणाचं पाणी वेगळं काढून अळू, केळीकडे वळवायचं. सामायिक जागेत पावसाळी पीक आणि त्यानंतर ओलीवरचा वाल, एवढंच धरलं तरी सात-आठ महिने निघतात.

ज्यांना घरामागे परस आहे, त्यांनी आणखी एक बघावं. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. त्यात नुसतं घर नाही, घराभोवतीची आपली मोकळी जागाही नीट दाखवली आहे का हे तपासावं. चूक असेल तर मोजणी चालू असतानाच हरकत घेणं सोपं, नंतर भूमी अभिलेख कार्यालयाच्या खेटा आहेतच.

आणि कोलशेत? तिथे ग्रामसभा परत येणार नाही. पण सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा आहेत. दहा टक्के मोकळ्या जागेतला एक कोपरा भाजीला द्यायचा ठराव तिथे मांडता येतो, आणि त्यासाठी कोणत्याही मंत्र्याचं उद्घाटन लागत नाही. शेजारच्या गावठाणात अजून अशा आजीबाई आहेत ज्यांना पडवळाला दगड का बांधतात आणि वाल कधी पेरायचा हे सांगता येतं. संकुलात खत आहे, गावात ज्ञान आहे. मध्ये फक्त एक गेट आणि त्यावरचा वॉचमन आहे. सेंट्रल पार्कातल्या एक टक्का जागेची मागणी ही महापालिकेकडे करायची गोष्ट. ती गावठाण आणि संकुल यांनी मिळून केली तर तिला वजन येईल, कारण एकट्या गावठाणाची मते आता मोजकी आहेत.

भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या गावांना वेळापत्रक सोपं आहे. १ मे ची ग्रामसभा ठरलेली असते आणि तिच्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. विषय त्या महिला सभेतच आला पाहिजे, नाहीतर मुख्य सभेत तो रस्ता आणि गटाराच्या खाली दबतो. १ मे ला ठराव झाला तर कुंपण, आळी आणि शेणखत यांना महिनाभर मिळतो. मृगाचा पाऊस ७ जूनच्या पुढे-मागे. तेव्हा टोकलेलं शिराळीचं बी श्रावणात तोडणीला येतं.